रुग्ण नाहीत म्हणूनच

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई
यांस खुले पत्र

महोदय,


हिवतापाबद्दल आपल्याला पत्र यायचं तर ते गडचिरोलीतल्या भामरागडहून यावं, एटापल्लीहून यावं, नाहीतर पावसाळ्यातल्या मुंबईतून यावं. वालूरहून यायचं कारण नाही, असं कुणालाही वाटेल. परभणी जिल्ह्यात, सेलू तालुक्यात आमचं गाव. मूठभर लोक आम्हाला ओळखतात ते चक्राकार पायऱ्यांच्या बारवेमुळे. आमच्याकडे हिवतापाची साथ नाही. ताप आला की आज आमच्या घरांत पहिली भीती डेंग्यूची वाटते. आजीच्या तोंडी असलेला ‘हिवताप’ हा शब्द नातवंडांच्या कानांवर क्वचितच पडतो.

साथ नाही म्हणूनच हे पत्र लिहितो आहे. जिथे रुग्ण आहेत तिथली मागणी आपल्यापर्यंत पोचतेच. तिथले आमदार बोलतात, वर्तमानपत्रं छापतात. जिथे रुग्ण उरले नाहीत, तिथे जे काम शांतपणे चालू राहायला हवं, त्याच्यासाठी कुणी मोर्चा काढत नाही. आणि गेल्या शंभर वर्षांत हा रोग जिथे जिथे परत उलटला, तिथे बहुतेकदा तो हे काम ढिलं पडल्यामुळेच परत आला.

आधी चांगली गोष्ट सांगतो, कारण ती महाराष्ट्राची आहे आणि आपल्याकडे तिची पुरेशी चर्चा झाली नाही.

पुण्यातल्या सीरम इन्स्टिट्यूटची कोरोनाची लस घराघरांत माहीत झाली. त्याच संस्थेनं ऑक्सफर्ड विद्यापीठासोबत हिवतापाची एक लस तयार केली आहे, तिचं नाव आर-२१. बुर्किना फासो, केनिया, माली आणि टांझानिया या चार देशांतल्या सुमारे ४,८०० बालकांवर तिची मोठी चाचणी झाली. जिथे हिवताप ठरावीक हंगामात येतो, तिथे हंगामाच्या तोंडावर लस दिली तर पहिल्या वर्षात सुमारे ७५ टक्के आजारपण टळलं. जिथे तो वर्षभर असतो, तिथे ६८ टक्के. एप्रिल २०२३ मध्ये घानानं तिला पहिली मान्यता दिली, ऑक्टोबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं शिफारस केली आणि जुलै २०२४ मध्ये आयव्हरी कोस्टमधल्या बाळांना ती प्रत्यक्ष टोचायला सुरुवात झाली. एका मात्रेची किंमत चार डॉलरच्या आत आहे. वर्षाला दहा कोटी मात्रा बनवण्याची तयारी पुण्यात झाली. तिच्या आधी आरटीएस,एस नावाची एक लस आली होती. २०१९ पासून घाना, केनिया आणि मलावी या तीन देशांत ती प्रायोगिक स्वरूपात दिली गेली, आणि ज्या वयाच्या मुलांना ती देय होती त्यांच्यातले एकूण मृत्यू १३ टक्क्यांनी घटले. अडचण अशी होती की ती पुरेशी बनतच नव्हती. पुण्यानं ती उणीव भरून काढली. आफ्रिकेतली एखादी आई बाळाला घेऊन लसीच्या रांगेत उभी राहते, तेव्हा त्या छोट्या बाटलीवर पुण्याचं नाव असतं. मला याचा मनापासून अभिमान वाटतो.

ही लस आपल्या मुलांना का देत नाहीत, असं गावात विचारतात. उत्तर सरळ आहे. ही लस फाल्सिपेरम जातीच्या परजीवीवर काम करते, आणि जिथे एकेका मुलाला वर्षात अनेकदा हिवताप होतो अशा भागांसाठी ती बनवली आहे. आपल्याकडे रोगाचा मोठा वाटा व्हायव्हॅक्स या दुसऱ्या जातीचा आहे, आणि आपल्याकडे तो शेतात राबणाऱ्या, जंगलात जाणाऱ्या मोठ्या माणसांनाही गाठतो. तेव्हा पुण्याची बाटली आपल्याला वाचवणार नाही. आपल्याला आफ्रिकेकडून घ्यायचं आहे ते वेगळंच.

महोदय, या रोगाच्या शोधाचा धागा आफ्रिका आणि आमचा मुलूख यांना पहिल्यापासून जोडतो. १८८० साली अल्जीरियात लॅव्हरान या फ्रेंच लष्करी डॉक्टरानं रुग्णाच्या रक्तात हिवतापाचा परजीवी प्रथम पाहिला. तो माणसाच्या शरीरात शिरतो कसा, हे मात्र कळलं नव्हतं. त्याचा पहिला पुरावा मिळाला निजामाच्या मुलखात. सिकंदराबादजवळ बेगमपेठला २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांना, हुसेन खान नावाच्या रुग्णाचं रक्त प्यायलेल्या अ‍ॅनाफिलीस डासाच्या जठरात तो परजीवी वाढताना दिसला. तेव्हा वालूर, सेलू, सगळी परभणी त्याच हैदराबाद संस्थानात होती. दोन वर्षांनी, १८९९ मध्ये, तेच रॉस पश्चिम आफ्रिकेत सिएरा लिओनला गेले आणि तिथला रोग पसरवणारा डासही अ‍ॅनाफिलीसच आहे हे त्यांनी दाखवून दिलं. अल्जीरिया २०१९ साली हिवतापमुक्त जाहीर झाला. सिएरा लिओनमध्ये २०२४ साली मुलांना लस द्यायला सुरुवात झाली. हुसेन खानाचा देश मात्र अजून या रोगातून सुटायचा आहे.

आफ्रिकेनं या पंचवीस वर्षांत काय केलं ते पाहा. २००० साली जगात या रोगानं साडेआठ लाखांहून अधिक माणसं मेली, त्यांतली बहुतेक आफ्रिकेतली आणि बहुतेक पाच वर्षांच्या आतली. त्यानंतर तिथे औषध भरलेल्या मच्छरदाण्या घरोघर पोचल्या. बोटातून एक थेंब रक्त घेऊन पंधरा-वीस मिनिटांत निदान करणारी पट्टी खेड्यातल्या आरोग्यसेविकेच्या हातात आली. तिथे फाल्सिपेरमवर क्लोरोक्विन हे जुनं औषध निकामी झालं होतं. त्याच्या जागी आर्टेमिसिनिनवर आधारलेली जोड औषधं आली. आर्टेमिसिनिन चीनच्या तू यूयू यांनी एका पारंपरिक वनौषधीतून शोधलं आणि २०१५ साली त्यांना नोबेल मिळालं. सहाराच्या दक्षिणेच्या पट्ट्यात पावसाळ्याचे चार-पाच महिने, दर महिन्याला, घरोघर जाऊन लहान मुलांना प्रतिबंधक गोळ्या दिल्या जातात. २०२३ साली पाच कोटींहून अधिक मुलांना त्या मिळाल्या. २००० ते २०१५ या काळात आफ्रिकेत सुमारे ६६ कोटी आजारपणं टळली असा संशोधकांचा हिशेब आहे, आणि त्यांतली दोन तृतीयांशांहून अधिक एकट्या मच्छरदाणीमुळे. जानेवारी २०२४ मध्ये केप व्हर्दे आणि ऑक्टोबरमध्ये इजिप्त हिवतापमुक्त ठरले. इजिप्तमध्ये तर हा रोग फारोंच्या काळापासून होता. ममींमध्ये त्याचे अवशेष सापडले आहेत.

एवढं सगळं झालं, आणि मग चाक अडकलं. २०१५ नंतर घट मंदावली, पुढे थांबली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ साली जगात २६ कोटी ३० लाख लोकांना हिवताप झाला आणि ५ लाख ९७ हजार लोक मेले. २०२४ मध्ये आकडा आणखी वर गेला, मृत्यू ६ लाखांच्या पुढे. शंभरातले ९५ मृत्यू आफ्रिकेत. डास मच्छरदाणीवरच्या औषधाला सरावले. रवांडा, युगांडा, टांझानिया, इरिट्रियात आर्टेमिसिनिनचा प्रभाव उशिरा पडू लागल्याचे पुरावे मिळाले. पण माझ्या मते सगळ्यांत मोठं कारण पैशाचं आहे. २०२३ मध्ये या कामाला ८३० कोटी डॉलर लागत होते, हाती आले ४०० कोटी. त्यात २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेनं परदेशी मदत एका फटक्यात रोखली, तेव्हा कुठे पट्ट्या बंदरात अडकल्या, कुठे फवारणी राहिली. रोग बराच कमी झाला, आता पुढचं होईलच असं पैसे देणाऱ्यांना वाटू लागलं, आणि हात आखडला गेला.

यात आपण आफ्रिकेला शहाणपण शिकवावं असं काही नाही, कारण हेच आपण स्वतः करून बसलो आहोत.

स्वातंत्र्य मिळालं तेव्हा या देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप व्हायचा आणि आठ लाख मरायचे. १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. पाच वर्षांत त्याच्या नावातलं ‘नियंत्रण’ जाऊन ‘निर्मूलन’ आलं. जुन्या लोकांना तो काळ आठवतो : खाकी कपड्यांतले फवारणीवाले, पितळी पंप, भिंतीवर डीडीटीचे पांढरे ओघळ, दाराशेजारी रंगानं लिहिलेली फवारणीची तारीख. १९६१ पर्यंत देशभरातली रुग्णसंख्या पन्नास हजारांच्या आसपास आली. साडेसात कोटींवरून पन्नास हजार! जगात इतकं मोठं काम फार थोड्यांनी केलं असेल. मग फवारणी उठवली गेली, कर्मचारी इतर कामांना लावले गेले, डीडीटी वेळेवर मिळेना, डास त्याला दाद देईनात. १९७६ साली देशात ६४ लाख रुग्ण नोंदले गेले.

श्रीलंकेची गोष्ट तर याहून बोचरी आहे. १९६३ साली त्या सबंध देशात हिवतापाचे १७ रुग्ण होते. सतरा. फवारणी थांबवली, रक्त तपासणं ढिलं पडलं, आणि १९६८-६९ मध्ये पाच लाखांहून अधिक लोक आजारी पडले. श्रीलंका तो धडा विसरली नाही. पुढे यादवी चालू असतानाही तिथे रक्ततपासणी चालू राहिली. २०१२ साली तिथला शेवटचा स्थानिक रुग्ण नोंदला गेला, २०१६ साली देश मुक्त जाहीर झाला. आणि आता, रुग्ण एकही नसताना, तिथे हिवतापाचं स्वतंत्र खातं आहे, कीटकशास्त्रज्ञ आहेत, परदेशाहून आलेल्या तापकऱ्याचं रक्त तपासलं जातं. मुक्तीच्या त्याच वर्षी मन्नारच्या सिमेंटी विहिरींत त्यांना एक नवा डास सापडला. सापडला, कारण कुणीतरी शोधत होतं.

त्या डासाबद्दल मला आपल्याशी सविस्तर बोलायचं आहे, कारण तो आपला आहे. त्याचं नाव अ‍ॅनाफिलीस स्टिफेन्सी. हिवतापाचे बहुतेक डास रानातलं, ओढ्याचं, भातखाचराचं पाणी शोधतात. याला गावातलं आणि शहरातलं स्वच्छ साठवलेलं पाणी चालतं. गच्चीवरची टाकी, हौद, बांधकामावरचं पाणी, विहीर. मुंबईचा हिवताप मुख्यतः यानंच पसरवला. २०१२ साली तो आफ्रिकेत, जिबूतीच्या बंदरात प्रथम सापडला. त्या वर्षी जिबूतीत हिवतापाचे फक्त २७ रुग्ण होते. देश मुक्तीच्या दारात उभा होता. २०२० साली ७३ हजारांहून अधिक झाले. तिथून तो इथिओपियात, सुदानात, पुढे नायजेरिया-घानापर्यंत पोचला. आफ्रिकेचा हिवताप आजवर मुख्यतः खेड्यांचा होता. हा डास त्याला शहरात नेतो आहे. इथिओपियातल्या दिरे दावा शहरात २०२२ साली कोरड्या हंगामात साथ आली ती याच्यामुळे. आफ्रिकेतल्या शास्त्रज्ञांना आता मुंबई-गोव्याचे जुने अहवाल उपयोगी पडतील, कारण या डासाशी शंभर वर्षं आपण लढलो आहोत.

त्या लढाईत विहिरींचा एक प्रसंग आहे, आणि आमच्या बारवेमुळे मला तो विसरता येत नाही. १९११ साली डॉ. बेंटली यांनी मुंबईतल्या हिवतापाचा अहवाल दिला. घरोघरच्या आणि वाड्यावाड्यांतल्या विहिरींत हा डास वाढतो, तेव्हा त्या बुजवा किंवा डास शिरणार नाही अशा झाका, असं त्यांनी सांगितलं. शहर चिडलं. कुणाला पूजेसाठी विहिरीचं पाणी लागायचं, कुणाच्या विहिरीत देवतेचा वास होता. पारशांनी, हिंदूंनी विरोध केला. तरी पुढे शेकडो विहिरी बुजल्या, कित्येकांवर झाकणं आली. चर्चगेटजवळची १७२५ सालची भिखा बेहराम विहीर वाचली, आजही तिथे दिवा लागतो. बेंटलींचं शास्त्र बरोबर होतं आणि लोकांची तळमळही खोटी नव्हती. दोन्ही सांभाळणारा मार्ग तेव्हा नीट शोधला गेला नाही, याचं मला वाईट वाटतं.

आमच्यासमोर तोच प्रश्न आता उलट्या बाजूनं येतो आहे. मराठवाड्यात गेल्या काही वर्षांत लोकांनी जुन्या बारवा उपसायला घेतल्या. वालूरनंही घेतल्या. झुडपं तोडली, पिढ्यांचा गाळ आणि कचरा काढला, ढासळलेले चिरे सावरले. पाणी वर आलं. वळत वळत खाली जाणाऱ्या पायऱ्यांच्या तळाशी ते पाहिलं की गावाला बळ येतं. हे पाणी बुजवा असं म्हणायला कुणी येऊ नये, आणि ते आठ-दहा दिवस ढवळल्याशिवाय राहिलं तर त्यात डास होतात हे कुणी विसरू नये. अंड्याचा डास व्हायला एवढेच दिवस लागतात. उपाय महाग नाही. आपल्याच खात्याची गप्पी माशांची केंद्रं आहेत. बारवेत, न वापरातल्या विहिरीत गप्पी सोडले की ते अळ्या खातात. नंतर ते जगलेत का, हे पाहायला महिन्यातून एकदा कुणीतरी यावं लागतं. मासे सोडतानाचे फोटो मी पुष्कळ पाहिले आहेत. सहा महिन्यांनी मासे आहेत की नाहीत हे पाहतानाचा एकही पाहिला नाही. (एक काळजी मात्र घ्यावी : गप्पी परमुलखातली जात आहे, ती बंदिस्त पाण्यातच ठेवावी, दुधना नदीत, ओढ्यात सोडून आपल्या देशी माशांवर संकट आणू नये.)

गावपातळीवर आणखी एक गैरसमज आहे आणि तो आपल्या खात्याच्या पत्रकांनीच पोसला आहे. डास म्हटलं की नाली, धूरफवारणी, डबकं. नालीच्या घाण पाण्यात वाढतो तो मुख्यतः क्युलेक्स. त्याच्यामुळे हत्तीरोग होतो, आणि झोपही जाते. शेजारच्या नांदेड जिल्ह्यातल्या हिमायतनगर तालुक्यात टेंभुर्णी गावानं त्यावर इलाज दाखवला. सांडपाणी नालीत सोडायचंच नाही. प्रत्येक घराशेजारी चार फुटांचा खड्डा, त्यात दगडगोटे, मधे छिद्रं पाडलेली सिमेंटची टाकी, आणि पाणी तिथेच मुरवायचं. नाल्या कोरड्या पडल्या, डास गेले, विहिरींना पाणी वाढलं. नांदेडनं हे शोषखड्डे रोजगार हमीतून जिल्हाभर नेले. मराठवाड्यातल्या प्रत्येक गावात ते व्हावेत असं मला वाटतं. पण हिवतापाचा डास स्वच्छ पाण्याचा. आमच्या भागात तो क्युलिसिफेसीस नावाचा. गोठ्यात विसावतो, जनावरांचं रक्त पितो, आणि जमेल तेव्हा माणसाचं. तो वाढतो कालव्याच्या पाझरात, नदीपात्रातल्या खळग्यांत, शेततळ्यात. निम्न दुधना प्रकल्पाचं पाणी आमच्या तालुक्यात आलं, ते हवंच होतं. पण कालवा जिथे गळतो, चारी जिथे फुटते, तिथे महिनोन्‌महिने साचलेलं पाणी ही पाटबंधारे खात्याच्या नोंदीत फक्त गळती असते. ती आरोग्याची बाब आहे, हे त्या खात्याला सांगणारा अधिकारी जिल्ह्यात असायला हवा. कालव्याबरोबर हिवताप येतो हे पंजाबात, सिंधमध्ये शंभर वर्षांपूर्वी दिसलं होतं. इथिओपियात धरणांच्या काठच्या गावांत आजही दिसतं.

आता मुख्य गोष्टीकडे येतो : रक्ताचा थेंब.

तापाच्या प्रत्येक रुग्णाचं रक्त तपासायचं, हा हिवतापाच्या कामाचा कणा आहे. वर्षाला लोकसंख्येच्या निदान दहा टक्के रक्तनमुने, हा आपला जुना दंडक. आशाताई घरी येते, बोट टोचते, काचपट्टीवर जाड आणि पातळ थर घेते किंवा पट्टीवर तपासते. शंभर नमुने निगेटिव्ह, पाचशे निगेटिव्ह, हजार निगेटिव्ह. मग हळूहळू सगळ्यांनाच ते निरर्थक वाटू लागतं. अधिकाऱ्याला वाटतं, वेळही गेला आणि पैसाही. ताईला मिळणारा मोबदला तुटपुंजा, त्यात तिच्या डोक्यावर साठ कामं. कागदावर नमुने भरले जातात. हे कुणा एकाच्या वाईटपणामुळे होत नाही. निगेटिव्ह नमुन्याची किंमत वरून कुणी सांगितली नाही म्हणून होतं. ज्वारी हुरड्याला आली की रात्री जागल करणारा माणूस रोज चोर पकडत नाही. म्हणून त्याची जागल वाया गेली असं कुणी शेतकरी म्हणणार नाही.

तापाचा रुग्ण आधी खासगी दवाखान्यात जातो, हेही आपल्याला ठाऊक आहे. तिथे रक्त न तपासता इंजेक्शन आणि सलाईन होतं, दोन दिवसांत ताप उतरतो, आणि व्हायव्हॅक्सचा परजीवी यकृतात तसाच दडून राहतो. काही महिन्यांनी तो पुन्हा उठतो आणि तोच माणूस डासांमार्फत शेजाऱ्यांना आजार देतो. क्लोरोक्विन तीन दिवसांचं, पण यकृतातला परजीवी मारणारं प्रायमाक्विन चौदा दिवस घ्यावं लागतं, आणि ताप गेल्यावर चौदा दिवस गोळ्या घेणारा माणूस विरळा. त्या चौदा दिवसांत कुणीतरी दारात येऊन विचारलं तरच ते पूर्ण होतं. चीननं २०२१ साली हिवतापमुक्ती मिळवली ती एका साध्या नियमावर : एका दिवसात रुग्ण कळवायचा, तीन दिवसांत तो रोग कुठून आला याची चौकशी पुरी करायची, सात दिवसांत त्या वस्तीत उपाय करायचे. हे चालवायला हेलिकॉप्टर लागत नाही, मोठं इस्पितळ लागत नाही. जागेवर नेमलेला, मोटारसायकल असलेला आरोग्य कर्मचारी लागतो.

आणि रोग कुठून येईल? आमच्या जिल्ह्यातली कुटुंबं ऊसतोडीला जातात, कालव्याच्या कडेला कोप्यांत राहतात. तरुण मुंबई-पुण्यात बांधकामावर आहेत, तिथेच ते स्टिफेन्सीच्या शेजारी झोपतात. मराठी मुलं आता नायजेरिया, काँगो, टांझानियात कारखान्यांत आणि खाणींवर नोकरीला आहेत. दिवाळीला गावी येतात. त्यांच्यापैकी कुणाला इथे ताप आला तर डॉक्टरांनी पहिला प्रश्न ‘कुठून आलात?’ हा विचारायला हवा, कारण आफ्रिकेतला फाल्सिपेरम दोन-तीन दिवसांत मेंदूपर्यंत जाऊ शकतो. रोग आमच्या गावात नसेल, पण त्याचा डास इथे आहे. परजीवी घेऊन आलेला एक माणूस पुरतो.

गडचिरोलीबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय हे पत्र अपुरं राहील. राज्यातला सगळ्यांत जीवघेणा हिवताप तिथे आहे. माडिया-गोंड मुलांचे मृत्यू, पावसाळ्यात तुटणारी गावं, डोंगरझऱ्यांतला फ्लुविएटिलिस डास, हे सगळं डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’नं १९८६ पासून पाहिलं आणि मांडलं. डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली कृती दल नेमून शासनानं तिथे हिवतापमुक्तीचं काम हाती घेतलं, ही फार मोलाची गोष्ट आहे. तिथला एक रुपयाही कमी करून परभणीला द्यावा असं मी म्हणत नाही. तिथे यश येईल तेव्हाचा विचार आजच करा, एवढंच म्हणतो. भामरागडचा आकडा शून्यावर येईल, तेव्हा तिथला प्रयोगशाळा तंत्रज्ञ, तिथली मच्छरदाणी, तिथला कीटकशास्त्रज्ञ आपले वारसदार मंत्री काढून घेणार नाहीत, असं बंधन आज निधीतच लिहून ठेवता येईल. २०२७ पर्यंत देशात स्थानिक रुग्ण शून्य आणि २०३० पर्यंत मुक्ती, असं केंद्रानं ठरवलं आहे. मुक्तीचा दाखला मिळायला सलग तीन वर्षं एकही स्थानिक रुग्ण नको, आणि तो नाही हे रक्त तपासून दाखवावं लागतं. तपासलंच नाही तर शून्याला जगात कुणी मानत नाही. म्हणजे तो दाखला गडचिरोलीइतकाच वालूरच्या निगेटिव्ह काचपट्ट्यांवर अवलंबून आहे.

म्हणून मागणी करतो. परभणीसारख्या कमी रुग्णांच्या जिल्ह्यांत हिवताप कर्मचाऱ्यांच्या आणि प्रयोगशाळा तंत्रज्ञांच्या ज्या जागा रिकाम्या असतील त्या भरा, आणि रुग्ण कमी झाले या कारणानं एकही जागा रद्द होऊ देऊ नका. मराठवाड्यासाठी कीटकशास्त्रज्ञांचं एक पथक असं द्या जे साथ नसतानाही बारवा, विहिरी, शेततळी, कालव्याचे पाझर वर्षभर तपासत राहील. आशाताईला निगेटिव्ह नमुन्याचा मोबदला वेळेवर आणि मान राखून मिळू द्या. खासगी दवाखान्यातली हिवतापाची प्रत्येक तपासणी, तिचं उत्तर काहीही असो, जिल्हा हिवताप कार्यालयात पोचेल अशी सोय करा. ऊसतोडीहून परतणाऱ्या टोळ्यांचं रक्त गावात शिरल्याच्या आठवड्यात तपासलं जावं. त्या कधी परततात हे कारखान्यांना, मुकादमांना, सगळ्यांना माहीत असतं.

जून हा दरवर्षी आपल्या खात्याचा हिवताप प्रतिरोध महिना असतो. रॅली निघते, बॅनर लागतात. येत्या जूनमध्ये बॅनरऐवजी एक कीटकशास्त्रज्ञ वालूरला पाठवा. बारवेत उतरायला पायऱ्या आहेत, पाण्यातल्या अळ्या मोजायला लागणारी पळी आपल्या खात्याकडे आहे, आणि त्यांच्याकडून ती पद्धत शिकून दर महिन्याला मोजणी करायला गावातली पोरं मी जमवून ठेवतो.

आपला,
वालूर (ता. सेलू, जि. परभणी) येथील एक रहिवासी